लोढणं

पेन्सिल पडली, एवढंच झालं.
मांडीवरच्या नकाशावरून घरंगळत
डाव्या पेडलच्या मागं कुठंतरी गेली.
पेडलखाली काही अडकू नये
हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं,
म्हणून वाकले.

शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं.
खोब्रागडे मॅडम बिरसीला, शेडच्या सावलीत
घड्याळाकडे बघत बसल्या असणार.
निघताना तीनदा वदवून घेतलं होतं त्यांनी:
वैनगंगा ओलांडायची नाही.
नदी दिसली की डावीकडे वळ,
पाणी उजव्या हाताला धरून भंडाऱ्याकडे जा.
पलीकडचं आभाळ नागपूरचं,
विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही.

आभाळाला धुरा नसतो.
खाली प्रत्येक बांधीला आहे,
वीतभर धुरा कोरला म्हणून
वीस वर्षं तारखा करणारे दोघं भाऊ
मला नावानिशी माहीत आहेत.
वर काहीच नाही.
नकाशावर एक रेघ तेवढी,
मीच रात्री गिरवून जाड केलेली,
ज्या पेन्सिलनं गिरवली
ती सीटखाली.

मान वर केली तेव्हा समोर तलाव होता.
हायसं वाटलं. म्हटलं, आला आपला तलाव,
आता नदी येईल.
या जिल्ह्यात तलावांना काय तोटा,
पण घाबरलेल्या माणसाला एकच पुरतो.
पाळ वाकडी होती, मी सरळ मानली.
देऊळ दिसेना, म्हटलं, झाडाआड असेल.
रुळांची रेघ भलत्याच बाजूला चमकली,
म्हटलं, ही दुसरी असेल.
असेल, असेल करत
मी जमीन ओढून ओढून नकाशाला बसवत होते,
आणि मनगटावर घड्याळ गप्प,
वळायची वेळ टळून चार मिनिटं झालेलं.
त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

मग कानात आवाज आला, नागपूरचा,
कोरडा, कार्यालयीन.
माझ्या विमानाचं नाव घेतलं
आणि विचारलं: पोझिशन सांगा.

तलावाचं नाव जिभेवर आलं होतं.
ते गिळलं.
म्हटलं, खात्री नाही.
लाज वाटली. मग तीही बाजूला ठेवली,
लाज धरून ठेवायलाही एक हात लागतो
आणि दोन्ही हातांना काम होतं.

तो रागावला नाही.
डावीकडे वळा, म्हणाला, एक दोन शून्य.
वळले.
पंखाखालून क्षितिज फिरत गेलं
आणि दूर, यायला नको होती तिथून,
समोरून आली वैनगंगा,
वाळूचा पांढरा पट्टा, मधे बारीक पाणी.
एवढी मोठी नदी
मी वाकले होते तेव्हा
पोटाखालून निघून गेली होती.

संध्याकाळी बाबांना फोन केला.
तीस वर्षं गावची ढोरं राखली त्यांनी.
सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले,
"बिडी पेटव्याले मान खाली घातली का
तेवढ्यातच म्हैस लोकाच्या धानात.
डोळ्यादेखत थे कधीच जात नाही."
थोडं थांबून:
"कोंडवाड्याचे किती भरले?"
पैसे नाही बाबा, म्हटलं,
दोन पानी अहवाल लिहून दिला.
"मंग लोढणं बांध तिच्या गळ्यात."
कोणाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही,
रेंज गेली.

आता माझी पेन्सिल
हातभर सुतळीनं गुडघ्याच्या पाटीला बांधलेली असते.
हवा उसळली की टकटक वाजते.
पडली तर पडू देते, लोंबू देते,
आधी घड्याळ बघते, मग नकाशा,
मग खिडकीतून खाली.
मॅडम हसल्या, पण सोडायला नाही सांगितली.

ती पहिली पेन्सिल
महिन्याभरानं भोयर मेकॅनिकला सापडली,
सीटच्या रुळात.
पेडलपासून चांगली दूर.
टोक शाबूत होतं.